हिशेबाची दुसरी प्रत

३१ मार्च ही तारीख आपल्याकडे कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. सोसायटीची वसुली, बँकेतली गर्दी, दुकानात मालाची मोजदाद, पंचायतीची घरपट्टी. ‘मार्च एंड’ हा शब्द तर आता खेड्यातल्या आजीबाईही मराठीच असल्यासारखा वापरतात. याच तारखेला जगात आणखी एक दिवस पाळला जातो, आणि तो मात्र आपल्या गावीही नसतो. २०११ पासून ३१ मार्च हा ‘वर्ल्ड बॅकअप डे’ आहे. दुसऱ्या दिवशी एप्रिल फूल. तेव्हा कॉम्प्युटर बंद पडून आपलं हसं होण्याआधी आदल्या दिवशीच सगळ्या फाइलींची प्रत काढून ठेवा, अशी त्यामागची गंमत. दिवस ठरवणाऱ्यांच्या डोक्यात आपलं आर्थिक वर्ष असेल असं वाटत नाही. पण योग असा जुळलाय, की वर्षाचा हिशेब बंद करायचा आणि त्याची प्रत काढायची तारीख एकच!

मैत्रिणींनो, हिशेब हा विषय स्त्रियांच्या पानावर तसा कमीच येतो. पाककृती येतात, त्वचेची काळजी येते, सासू-सुनेचं नातं येतं. पण घराघरात हिशेब ठेवतं कोण? देवगाव रंगारीसारख्या कन्नड तालुक्यातल्या गावात एखाद्या घरी जाऊन विचारा. डेअरीला दूध किती गेलं, कापूस वेचायला आलेल्या बायकांपैकी कुणाचे किती किलो भरले, आल्याच्या बेण्याला किती लागले, कृषी सेवा केंद्राची उधारी किती राहिली, लासूरच्या बाजारात कांदा काय भावाने गेला. घरधनी म्हणतील, “मला काय विचारता? तिला विचारा.” पूर्वी ही सगळी ‘ती’ची माहिती खिळ्याला अडकवलेल्या कॅलेंडरच्या चौकोनांत असायची, नाही तर डब्यामागे लपवलेल्या चाळीसपानी वहीत. आता घरात एमएस-सीआयटी केलेली, टॅलीचा कोर्स केलेली सून आली आहे. वही जाऊन लॅपटॉप आला, नाही तर मोबाईलमधलं ॲप आलं. बेरजा चुकत नाहीत, महिन्याचा खर्च एका बटणावर दिसतो. उत्तम झालं. फक्त एक गोष्ट मागे राहिली. वही हरवली तर आपण घर उलथंपालथं करून शोधायचो, फाइल गेली तर कुठे शोधायचं तेच कळत नाही.

आणि नुसतं कळत नाही एवढ्यावर भागत नाही. हिशेब गेला की संशय येतो, आणि तो कॉम्प्युटरवर येत नाही, हिशेब ठेवणाऱ्या बाईवर येतो. घरात असेल तर टोमणे ऐकावे लागतात, “कशाला पाहिजे होतं ते नवीन फॅड?” पण बचत गटाचा हिशेब असेल तर गोष्ट टोमण्यांवर थांबत नाही. दहा-वीस बायकांचे पैसे असतात. कुणी नवऱ्याला न सांगता टाकलेले, कुणी मजुरीतून काढून ठेवलेले. कोणाचे किती जमा, कोणाकडे किती कर्ज, कोणाचा हप्ता थकला, हे जिच्या हातात असतं तिने एक दिवस येऊन “फाइल उडाली” म्हटलं, तर समोरच्या बायकांनी काय समजायचं? ती खरं सांगत असेल, बहुतेक वेळा खरंच सांगत असते. पण ते सिद्ध करायला तिच्याजवळ काय आहे? दुसरी प्रत ही आधी तिच्या अब्रूची राखण आहे, पैशाची नंतर.

बचत गटाच्या बायकांना हे वेगळं सांगायला नकोच. गटांना बँकेशी जोडण्याचा पहिला प्रयोग नाबार्डने १९९२ साली ५०० गटांपासून सुरू केला. पुढे आपल्या राज्यात ‘माविम’चे गट झाले, २०११ पासून ‘उमेद’चे झाले. पंचसूत्री तर गटातल्या बायकांना तोंडपाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि हिशेबाच्या अद्ययावत नोंदी. पाचवं सूत्र शेवटी येतं म्हणून ते शेवटचं मानू नका. बँकेचा अधिकारी पहिली चार सूत्रं पाहतो ती या पाचव्यातूनच. बैठक झाली की नाही, परतफेड वेळेवर आली की नाही, हे त्याला नोंदीवरूनच कळणार. २०२१ साली रिझर्व्ह बँकेने गटांच्या विनातारण कर्जाची मर्यादा १० लाखांवरून २० लाखांवर नेली. तारण नाही म्हणजे गहाण काय टाकायचं, तर गटाचं नाव आणि गटाचं दप्तर. ते दप्तर एकाच मोबाईलमध्ये किंवा एकाच लॅपटॉपमध्ये असेल, तर आपण किती मोठी गोष्ट किती बारीक खिळ्याला टांगली आहे याचा विचार करायला हवा.

सरकारी बाजूने यावर कामं झाली आहेत. नाबार्डने २०१५ साली ‘ई-शक्ती’ नावाने गटांच्या नोंदी संगणकावर घ्यायला सुरुवात केली, तेव्हा देशात दोनच जिल्हे निवडले होते. एक झारखंडमधला रामगड आणि दुसरा आपल्या शेजारचा धुळे. आता ‘लोकोस’ हे ॲप आहे. अशा ठिकाणी नोंद वर सर्व्हरवर जाते, म्हणजे ताईचा मोबाईल विहिरीत पडला तरी गटाचा हिशेब बुडत नाही. पण नोंद खरंच वर गेली का, हे ज्या त्या वेळी पाहिलंच पाहिजे. आणि ते काम ‘सीआरपी ताई करेल’ म्हणून तिच्या एकटीच्या गळ्यात टाकू नये. शिवाय घरचा खर्च, शिलाईकामाचा धंदा, पापड-लोणच्याची विक्री, छोटी गिरणी, किराणा दुकान, यांचा हिशेब काही कुठल्या सरकारी सर्व्हरवर जात नाही. तो आपला आपल्यालाच सांभाळायचा आहे.

आता जरा फाइलीकडे येऊ. कंटाळवाणं वाटेल, पण सगळं दुखणं इथेच आहे.

हिशेबाचं सॉफ्टवेअर वेगळं आणि हिशेबाची फाइल वेगळी. शिलाई मशीन बिघडलं तर दुसरं मिळतं, गिऱ्हाइकांच्या मापांची वही गेली तर ती बाजारात मिळत नाही. तसंच हे. सॉफ्टवेअर पुन्हा टाकता येतं. आपण पाच वर्षं भरलेल्या नोंदी मात्र एका फाइलीत किंवा एका फोल्डरमध्ये असतात, आणि तो फोल्डर कुठे आहे हे रोज काम करणाऱ्या बाईलासुद्धा पुष्कळदा माहीत नसतं. कारण ती डेस्कटॉपवरच्या चित्रावर क्लिक करते आणि हिशेब उघडतो. मग कुणी तरी सांगतं, “पेनड्राइव्हवर कॉपी घेऊन ठेव.” ती बिचारी ते चित्रच कॉपी करून घेते. ते चित्र म्हणजे शॉर्टकट. घराच्या पत्त्याची चिठ्ठी जपून ठेवली म्हणजे घर जपलं असं होत नाही ना! टॅलीत प्रत्येक कंपनीचा डेटा नंबरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतो. तो फोल्डर कुठे आहे हे सॉफ्टवेअरमध्येच दिसतं. एकदा पाहून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. बॅकअपसाठी टॅलीत वेगळी सोयच आहे, तीच वापरावी. प्रत कुठे ठेवायची ते मात्र आपण सांगावं लागतं. त्याच लॅपटॉपच्या त्याच डिस्कवर ठेवली तर तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवल्यासारखं आहे.

घरगुती हिशेबाला काही जणी ‘ग्नूकॅश’ हे फुकटचं सॉफ्टवेअर वापरतात. १९९८ पासून ते उपलब्ध आहे आणि चांगलं आहे. त्याची एक सवय मात्र ओळखून असावी. तुम्ही दर वेळी सेव्ह केलं की आधीची प्रत ते तारीख-वेळेसकट वेगळी ठेवतं, आणि मुळात ठरवून दिल्याप्रमाणे ३० दिवस सांभाळतं. त्यामुळे फोल्डरमध्ये महिन्याभरात लांबलचक आकड्यांच्या नावांच्या फाइलींची रांग लागते. मग दोन प्रकार होतात. एक, कचरा समजून सगळ्या उडवल्या जातात, आणि त्यात कधी कधी खरी फाइलही जाते. दुसरा प्रकार जास्त वाईट. घाईत त्यातलीच एक जुनी फाइल उघडली जाते, आठवडाभर नोंदी तिच्यातच होतात, आणि एक दिवस हिशेब जुळेनासा होतो. उपाय सोपा आहे. हिशेबाला स्वतंत्र फोल्डर ठेवा, त्यात दुसरं काही टाकू नका, आणि फाइलीला ‘नवीन’, ‘फायनल’, ‘फायनल खरं’ अशी नावं देऊ नका. ‘घर’, ‘शिलाई’, ‘गट’, एवढी तीन पुरेत. प्रत काढताना मागे तारीख जोडा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. असं केलं की फाइली आपोआप क्रमाने लागतात, शोधावं लागत नाही.

तीन फाइली म्हटलं ते मुद्दाम. गटाचे पैसे आणि घरचे पैसे एका फाइलीत कधीही नसावेत, मग त्या पैशांची हेराफेरी होवो न होवो. पण उलट टोकही नको. दर वर्षी १ एप्रिलला नवीन कंपनी, नवीन फाइल उघडायची पद्धत काही ठिकाणी वहीपूजनाच्या सवयीने चालू आहे. वही संपते म्हणून नवी घ्यावी लागते, फाइल संपत नाही. टॅलीत नुसता काळ बदलला की नवं वर्ष सुरू होतं, आणि मागच्या तीन वर्षांत अमक्या काकूंनी किती भरले ते एका जागी सापडतं. वर्षं तोडली की ते सापडत नाही, आणि सुरुवातीची शिल्लक हाताने भरताना चूक होते ती वेगळीच.

प्रत काढली म्हणजे काम झालं, असं अजिबात नाही. १९९८ सालची गोष्ट आहे. अमेरिकेतल्या पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचं काम चालू होतं. कुणाकडून तरी संगणकाला चुकीची आज्ञा गेली आणि चित्रपटाच्या फाइली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. वर्षभराच्या कामाचा बहुतेक भाग गेला. “हरकत नाही, बॅकअप आहे,” म्हणून तो काढला, तर कळलं की बॅकअप नीट होतच नव्हता आणि कुणी तो कधी तपासला नव्हता! एवढी मोठी कंपनी, एवढे इंजिनीअर. वाचवलं कुणी? गॅलिन सुसमन नावाच्या तांत्रिक विभागातल्या बाईंनी. त्यांना नुकतंच बाळ झालं होतं, त्या घरून काम करत होत्या, आणि त्यासाठी चित्रपटाची एक प्रत त्यांच्या घरच्या संगणकावर होती. तो संगणक ब्लँकेटमध्ये गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून स्टुडिओत आणला गेला. आपल्याकडे बाळंतपणानंतर घरून काम मागणाऱ्या बाईकडे ज्या नजरेने बघतात, ते आठवून ही गोष्ट वाचताना मला तरी बरं वाटतं.

तेव्हा प्रत उघडून बघायची. यालाच ‘रिस्टोअर’ म्हणतात. इथे एक सावधगिरी हवी. टॅलीत जुनी प्रत चालू डेटाच्याच जागेवर रिस्टोअर केली तर आजचा हिशेब पुसून त्यावर जुना बसतो. म्हणजे तपासायला गेलात आणि महिनाभराचं काम घालवून बसलात! म्हणून ‘तपासणी’ नावाचा वेगळा फोल्डर करा, त्यात उघडा, रोख शिल्लक आणि बँकेची शिल्लक चालू फाइलीशी ताडून पाहा, शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते पाहा. दहा मिनिटांचं काम आहे. शक्य असेल तर दुसऱ्याच लॅपटॉपवर करा. जाऊबाईचा असेल, शाळेतल्या मॅडमचा असेल. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकण्याआधी तर प्रत हवीच, कारण नव्यात गेलेला डेटा जुन्यात परत उघडत नाही.

‘माझं सगळं गूगल ड्राइव्हवर आहे’ असं म्हणणाऱ्याही आता खूप आहेत. छान आहे, पण दोन गोष्टी बघा. एक म्हणजे फुकटची जागा १५ जीबी, तीच फोटोंना, तीच मेलला. २०२४ पासून अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच १५ जीबीत मोजला जाऊ लागला. ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांनी ड्राइव्ह भरला की हिशेबाची फाइल वर जाणं गुपचूप थांबतं. दुसरं असं, की आपोआप जुळणारा फोल्डर हा आरसा असतो, तिजोरी नव्हे. इथे फाइल खराब झाली की तिथेही खराबच जाते, इथे उडवली की तिथूनही उडते. कचऱ्याच्या डब्यात ती ३० दिवस राहते खरी, पण आपल्याला पत्ता लागतो तो अनेकदा पुढच्या बैठकीला. म्हणून तारीख घातलेल्या वेगवेगळ्या प्रती हव्यात. निदान मागच्या तीन महिन्यांच्या तीन.

आणि लाइट! मराठवाड्यात दोन हजारच्या दशकातलं भारनियमन ज्यांनी काढलंय त्यांना सांगायला नको. आता तेवढी वाईट स्थिती नाही, पण नोंद लिहिली जात असतानाच लाइट गेली तर फाइल खराब होऊ शकते. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर ती बदलून घ्या, डेस्कटॉप असेल तर छोटा यूपीएस लावा. पेनड्राइव्हवरच फाइल ठेवून तिच्यावरच काम करायची सवय मोडा. पेनड्राइव्ह ने-आण करायला आहे. त्यावर रोजची कीर्द लिहायला बसू नये.

पाण्याचंही तसंच. ३१ ऑगस्ट २०२१ ची रात्र कन्नडकर विसरलेले नाहीत. घाटात दरडी कोसळल्या, खाली चाळीसगावात पाणी शिरलं. त्याआधी महिनाभर चिपळूण बुडालं होतं, २०१९ ला सांगली-कोल्हापूर. प्रत्येक वेळी दुकानांमधून चिखलाने भरलेली वह्या-कागदपत्रं आणि कॉम्प्युटर बाहेर काढतानाची चित्रं आपण पाहिली. घरातच कपाटात ठेवलेली दुसरी प्रत अशा वेळी पहिलीबरोबरच जाते. चोर शिरला तरी तेच, आणि व्हायरस शिरला तरी तेच. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्ससारख्या रुग्णालयाचे संगणक हल्लेखोरांनी गोठवले आणि कित्येक दिवस तिथली कामं हाताने कागदावर चालली. असा व्हायरस लॅपटॉपला लावून ठेवलेल्या पेनड्राइव्हलाही सोडत नाही. प्रत काढून झाली की पेनड्राइव्ह काढून ठेवायचा.

यासाठी पीटर क्रोग नावाच्या एका छायाचित्रकाराने २००५ च्या सुमारास ‘३-२-१’ असा सोपा नियम लोकांपुढे मांडला. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. मोठ्या कंपन्याही हाच नियम मानतात. आपल्याकडे कंपन्यांना तर ऑगस्ट २०२२ च्या नियमाने हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोजच्या रोज ठेवावा लागतो, आणि तोही भारतातल्या सर्व्हरवर. आपल्या घराला किंवा पापडाच्या धंद्याला अशी सक्ती नाही. आपल्याला आठवड्यातून एकदा पुरे. देवगावचा आठवडी बाजार असतो त्या दिवशी रात्री, खर्च लिहून झाला की.

राहिला पासवर्ड. यावर माझं मत जरा कडक आहे. हिशेब बाईने लिहायचा आणि पासवर्ड मुलाच्या मोबाईल नंबरवर, मेल आयडी नवऱ्याच्या नावाचा, हे बंद झालं पाहिजे. खातं तिच्या नावाचं, नंबर तिचा. गटाचं असेल तर अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार तिघींना माहीत हवं. पण उलट बाजूही तेवढीच खरी. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड विसरलात तर डेटा उघडत नाही, तो परत मिळवायचा मार्ग नाही. एखाद्या घरात हिशेब पाहणारं माणूस अचानक गेलं, तर मागे राहिलेल्यांना विम्याचा हप्ता कुठे भरला, कुणाला उसने दिले, काहीच कळत नाही. असं पुष्कळ विधवा बायकांच्या वाट्याला येतं, कारण तिथे सगळा हिशेब ‘त्यांच्या’ लॅपटॉपमध्ये असतो. म्हणून पासवर्ड कागदावर लिहायचा, पाकीट चिकटवायचं, त्यावर सही करायची आणि दागिन्यांच्या डब्यात ठेवायचं. डब्याची किल्ली कुणाकडे असते ते घरात सगळ्यांना माहीत असतंच! आणि वर्षातून एकदा पूर्ण खतावणी कागदावर छापून घ्या, पीडीएफही ठेवा. सॉफ्टवेअर काय कायमचं नसतं. मायक्रोसॉफ्टचं ‘मनी’ हे घरगुती हिशेबाचं सॉफ्टवेअर जगभर चालायचं, २००९ मध्ये कंपनीने त्याची विक्रीच बंद केली. कागद मात्र चष्मा लावला की उघडतो.

गटांच्या बाबतीत एक सुचवावंसं वाटतं. मासिक बैठकीचं प्रोसिडिंग लिहिताना शेवटी एक ओळ वाढवा: ‘हिशेबाची प्रत अमुक तारखेला काढली, उघडून पाहिली, शिल्लक जुळली,’ आणि खाली हिशेब ठेवणारीखेरीज आणखी दोघींच्या सह्या. उद्या काही झालंच तर बोट एकटीकडे जात नाही.

आता ती तिसरी प्रत, दुसऱ्या जागी ठेवायची. इंटरनेटवर ठेवायला भीती वाटते, बँकेचा लॉकर नाही, मग कुठे ठेवायची, असं पुष्कळ जणी विचारतील. माहेरी ठेवा की! वैजापूरला असेल, लासूरला असेल, सिल्लोडला असेल. दिवाळीला, राखीपौर्णिमेला, अक्षय्य तृतीयेला जाणं होतंच. जाताना नवा पेनड्राइव्ह न्यायचा, तिथला जुना परत आणायचा. फाइलीला पासवर्ड मात्र घालून न्या, नाही तर आपल्यावर किती उधारी आहे ते भावजयीला आधी कळायचं.